खाटेचा दिवस

मोठ्या सिस्टर पडल्या त्या स्वतःच्याच वॉर्डात, आणि त्याही ओल्या फरशीवर. ज्या बाईंनी सारा जन्म ‘फरशी पुसली की पाटी लावा, वाळेपर्यंत पाटी हलवू नका’ असं म्हणत मावश्यांचं डोकं खाल्लं, त्याच बाई पाटी ओलांडून पुढे गेल्या. पलीकडे कुणाची तरी सलाइन संपत आली होती. शिवाय वॉर्डातल्या पाट्या बाकीच्या जगासाठी असतात, आपल्यासाठी नसतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

खुब्याचं हाड मोडलं. “बाकी सगळं शाबूत आहे ना?” असं मेट्रननं घाबरून विचारलं, तेव्हा एक मावशी हळूच म्हणाली, “बोलणं शाबूत आहे. जिभेला हाड असतं तर काही आशा होती.” हे वाक्य संध्याकाळच्या आत अख्ख्या इस्पितळात फिरलं आणि फिरत फिरत मोठ्या सिस्टरच्या कानावरही आलं. त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी त्याच मावशीला बोलावून आपली उशी सारखी करून घेतली, यावरून राग नाही हे सगळ्यांना कळलं.

बायकांचा हाडांचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, उंचावर खिडक्या, भिंतीला कमरेपर्यंत हिरवा तैलरंग आणि टोकाला काचेची एक केबिन. त्या काचेआडून मोठ्या सिस्टरनी राज्य केलं. मेट्रन होण्याची संधी त्यांना पुन्हा पुन्हा आली, पण ‘खुर्चीत बसलं की मला झोप येते’ असं सांगून त्यांनी ती दर वेळी परत पाठवली. नाकावर माशी बसू देत नसत. पाठीमागे सगळ्या त्यांना ‘तोफ’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त व्हायच्या होत्या. सभागृह ठरलं होतं, भाषणं करणारे ठरले होते, आणि नेमकी आता तोफ आडवी झाली होती.

या वॉर्डात एक रिवाज होता, जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. तो मोठ्या सिस्टरनीच काढलेला. नवी नर्स आली की तिनं आधी एक अख्खा दिवस पेशंट होऊन काढायचा. गणवेश उतरवून इस्पितळाचा झगा घालायचा आणि खाटेवर पडायचं. कुणी भरवलं तर खायचं, कुणी वळवलं तर वळायचं, लागली की बेल दाबायची आणि भांडं येईपर्यंत कळ काढायची. याला ‘खाटेचा दिवस’ म्हणत. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, म्हणून वरच्या साहेबांनी एकदा जाब विचारला होता. मोठ्या सिस्टरनी साहेबांनाच झगा दाखवून खाटेचं आमंत्रण दिलं. त्यानंतर जाब विचारायला कुणी आलं नाही.

संध्याकाळी त्या मुलीला केबिनमध्ये बोलावून एकच प्रश्न असायचा, “काय कळलं?” कुणी म्हणायची, न सांगता हात लावला की दचकायला होतं. कुणी म्हणायची, सगळे उभ्यानं बोलतात, त्यांच्या फक्त नाकपुड्या दिसतात. एकीनं सांगितलं की छताला तडा आहे, आणि मोठ्या सिस्टरनी तिला पैकीच्या पैकी दिले, कारण आधी कुणी छत बघितलंच नव्हतं. मग त्या प्रत्येकीला बजावायच्या: पेशंटनं ‘ठीक आहे’ म्हटलं की समजायचं, काहीतरी लपवलंय. ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याची चादर आधी काढायची.

या परीक्षेत एकच मुलगी नापास झाली होती. दुपारपर्यंत बरी पडली होती. मग पलीकडच्या बाईचा पाण्याचा पेला तिच्या हाताला पोचत नाही असं दिसलं, आणि ही झग्यासकट टुणकन उठून पेला द्यायला गेली. पुन्हा दिवस दिला, पुन्हा उठली. “हिला साधं पडता येत नाही, हिला पेशंट काय कळणार कपाळ!” मोठ्या सिस्टरनी निकाल दिला आणि तिचं नाव ‘धांदल’ ठेवलं. ते कायमचं चिकटलं. आता धांदलचीच मुलं मोठी झाली होती, तरी टोपी अजून तिरकी, ड्यूटीवर यायला अजून उशीर, आणि वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अजून पळापळ. केबिनच्या काचेतून तिला पळताना बघून मोठ्या सिस्टर रोज एकदा तरी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

गंमत अशी की मोठ्या सिस्टरनी स्वतः खाटेचा दिवस कधी केलाच नव्हता. त्या आल्या तेव्हा हा रिवाज नव्हता, आणि नंतर त्यांना झोपवायची कुणाची छाती होती? त्यामुळे ऑपरेशन होऊन त्यांना सात नंबरच्या खाटेवर आणलं तेव्हा ती उशीवाली मावशी चादर खोचता खोचता म्हणाली, “सिस्टर, तुमचा खाटेचा दिवस राहिलाच होता, नाही का?”

“तोंड बंद ठेव आणि कोपरा नीट दुमड,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

ऑपरेशन झकास झालं होतं. दोन दिवसांनी लांबच्या शहरातून मुलगा येऊन पोचला. त्यानं दारातूनच सगळा वॉर्ड बघितला: खाटांच्या रांगा, फिनेलचा वास, कुणाची उघडी पाठ, कुणाचं कण्हणं. आईजवळ येऊन स्टुलावर बसला, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, “आई, तू इथे राहायचं नाहीस.”

“मग कुठे? छपरावर?”

“मी चांगल्या खाजगी हॉस्पिटलात खोली घेतलीये. स्वतंत्र. नर्स चोवीस तास फक्त तुझ्यासाठी. उद्या चारला गाडी येतेय.”

“गाडी परत पाठव.”

“का पण?”

मोठ्या सिस्टरचा आवाज चढला. शेजारी आठ नंबरच्या खाटेवर एक खडूस आजी होत्या, ज्यांना भेटायला कधी कुणी येत नसे. त्यांनी कान टवकारले. “का म्हणजे? याच खाटांवर मी लोकांच्या आया झोपवल्या. त्यांची मुलं अशीच तोंडं पाडून दारात उभी राहायची. त्यांना मी सांगितलं, काळजी करू नका, घरी जा, आम्ही आहोत. आता माझ्यावर वेळ आली तर मी स्वतंत्र खोलीत जाऊन पडू? म्हणजे त्या सगळ्यांना मी थापाच मारल्या की!”

मुलगा बापाच्या वळणावर गेला होता. बोलायचा कमी, पण बोलला की वर्मावर बोट. “तुझ्याकडे नीट बघतायत, मान्य. पण ते तुला भिऊन. तुझी पाठ वळली की इथे काय उरतं, ते तुला तरी माहितीये का? या शेजारच्या आजींकडे असंच बघतात?” मग तो थांबला, आणि बहुतेक बोलायचं नव्हतं ते बोलून गेला. “मला ताप आला की तू कपाळावर हात ठेवायचीस आणि नजर घड्याळाकडे. मी कधी तक्रार नाही केली. माझ्या वाटणीची आई मी या वॉर्डाला दिली, आई. ती कुठे कारणी लागली, एवढं तरी मला दिसू दे.”

हे लागलं. खुब्यापेक्षा जास्त लागलं. मोठ्या सिस्टरनी छताकडे बघितलं. तडा होता तिथेच होता. आपण गेल्यावर काय उरेल, हा विचार निवृत्तीच्या तारखेपासून त्यांच्या मनात पाय पसरून बसलाच होता.

“एक दिवस दे,” त्या शेवटी म्हणाल्या. “उद्या ये, चारपर्यंत बस आणि बघ. या पोरी फक्त माझ्या धाकानं काम करतात असं दिसलं, तर मी मुकाट्यानं गाडीत बसेन.”

“मुकाट्यानं? तू?”

“बरं, बडबडत बसेन. पण बसेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळची नर्स होती ती त्यांची लाडकी. परीटघडीची, चटपटीत, शिस्तीची, तिचं नावच त्यांनी ‘गुणी’ ठेवलेलं. गुणीनं सगळ्यांच्या आधी त्यांना चहा दिला. उशी सारखी केली, परत येऊन पुन्हा सारखी केली. आठ नंबरच्या आजींना मात्र तिनं चालता चालता विचारलं, “काय आजी, ठीक?” आजी म्हणाल्या, “चालती हो.” गुणी लगेच चालती झाली. आजींच्या नाश्त्याचं ताट त्यांच्या हातापासून वीतभर लांब राहिलं आणि तिथेच गार झालं.

मोठ्या सिस्टरनी ते ताट बघितलं. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपण ओरडलो की ताट सरकेल, आणि मुलाचंच म्हणणं खरं ठरेल. मावशीला खूण करून त्यांनी ताट तेवढं जवळ करायला सांगितलं. आजींनी ते परत लांब ढकललं. केबिनमधून हे कधी दिसलं नव्हतं. तिथून दिसायचा तो वॉर्ड म्हणजे तोफेच्या टप्प्यातला वॉर्ड, आणि टप्प्यात सगळेच शहाणे असतात. सारी वर्षं पाण्यात गेली की काय, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटणाऱ्या स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला.

त्यातच पोटरी दुखायला लागली. ऑपरेशनचं दुखणं वेगळं, ते वर होतं. हे खाली, घट्ट, गरम, आतून कुणी पिळतंय असं. मोठ्या सिस्टरना त्याचं नाव सांगायची गरज नव्हती. हाड मोडून पडलेल्या बाईची पोटरी सुजली तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, ती सुटून फुप्फुसात गेली तर खेळ खलास, हे त्यांनी किती पोरींकडून घोकून घेतलं असेल! पण आता सांगायचं म्हणजे धावपळ होणार, डॉक्टरांचा चेहरा पडणार, आणि मुलगा म्हणणार, बघ, तुझ्या या वॉर्डात हे असं. चारला गाडी येणार आणि आपण हरून जाणार. चारनंतर सांगू, त्यांनी ठरवलं. पहिल्या वर्षाच्या मुलीनं हा बेत सांगितला असता तर त्यांनी तिची सालटी काढली असती.

आणि लपवायचं कसं हे त्यांच्याइतकं कुणाला येणार? डॉक्टर राउंडला आले. “काय सिस्टर, कशा आहात?”

“मी ठीक. तुम्ही त्या अकरा नंबरचं प्लास्टर बघा आधी, बोटं सुजलीत.”

“पडल्या पडल्याही राउंड तुम्हीच घेताय,” डॉक्टर हसले आणि अकरा नंबरकडे वळले. मागून गुणीनं अदबीनं विचारलं, “पाय दुखतोय का, सिस्टर?”

“हाड मोडलंय. दुखणार नाही तर काय गाणं म्हणणार?”

गुणी हसली, तिनं चादर आणखी नीट खोचली आणि गेली. मोठ्या सिस्टरनी ताकास तूर लागू दिली नाही. पण ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून सगळे येऊन गेले, उशी दहादा सारखी झाली, आणि चादर मात्र कुणीच काढली नाही. आजींसारखीच तोफेचीही चादर निघाली नव्हती. धाक म्हणून जो काही त्यांनी जपला होता, तो असा त्यांच्याच पायावर पांघरूण होऊन पडला होता.

दुपारी मुलगा येऊन स्टुलावर बसला. थोड्या वेळानं धांदल ड्यूटीवर आली. उशिरा, धापा टाकत, टोपी तिरकी.

“ही कोण?” मुलानं विचारलं.

“ही? हिच्यावर जाऊ नकोस,” मोठ्या सिस्टर कडवटपणे म्हणाल्या. आज सगळंच उलटं पडत होतं, आणि वर ही.

धांदल आधी आठ नंबरकडे गेली. खाली वाकली, पार आजींच्या तोंडासमोर तोंड येईपर्यंत. “आजी, मी आलेय. पाठ बघते हं. हात गार आहे माझा, दचकू नका.”

“मला काही झालेलं नाही. चालती हो.”

“होते ना. पाठ बघून होते.”

तिनं चादर काढली, आजींना अलगद कुशीवर घेतलं, कमरेपाशी लाल झालेलं कातडं बघितलं, ते पुसलं, कोरडं केलं, पाठीशी उशी लावली. हे करताना ती एकसारखी बोलत होती. आता वळवतेय, आता पाय उचलतेय, आता झालं. मग तिला सकाळचं ताट दिसलं. तिनं मावशीला हाक मारून दुसरं गरम मागवलं आणि स्टूल ओढून बसली. आजी दोन घास खायच्या, एक शिवी द्यायच्या. धांदल म्हणायची, “बरं. आता हा एक.” ताट संपायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. ते संपल्यावर तिनं घड्याळ बघितलं, जीभ चावली आणि पुढच्या खाटेकडे पळत सुटली. तिथे पोचल्यावर पुन्हा वाकली, आणि पुन्हा जगात दुसरं काही काम नसल्यासारखी थांबली.

मोठ्या सिस्टर बघत राहिल्या. ही बया खाटेपाशी रेंगाळायची, आणि रेंगाळलेला वेळ पळून भरून काढायची. काचेतून त्यांना आयुष्यभर फक्त पळणं दिसलं होतं. थांबणं बघायचं तर खाटेवरच पडायला हवं होतं.

मग ती सात नंबरपाशी आली.

“सिस्टर, चादर काढतेय.”

“गरज नाही. मी ठीक आहे.”

“पाय बघते फक्त.”

“सांगितलं ना, ठीक आहे! सकाळी डॉक्टर बघून गेलेत. तू तुझी पुढची कामं उरक, आधीच उशीर झालाय.”

तोफ डागली होती. धांदलच्या तोंडचं पाणी पळालं हे स्पष्ट दिसत होतं. तिचे कानसुद्धा लाल झाले. पण तिचा हात चादरीच्या टोकावर होता तो तिथून हलला नाही.

“‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याची चादर आधी काढायची,” ती म्हणाली.

“मलाच शिकवतेस? मी तुझी इनचार्ज आहे!”

“केबिनमध्ये. इथे तुम्ही सात नंबर.”

आणि तिनं चादर काढली.

पोटरी टरारली होती. धांदलनं हाताची पाठ लावून बघितली, मग दुसऱ्या पायाला लावली. खिशातून टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. तिचा चेहरा बदलला. “पाय हलवायचा नाही. जराही नाही. मावशी, डॉक्टरांना बोलवा, पळत जा.” मग ती मोठ्या सिस्टरकडे वळली. “कधीपासून?”

मोठ्या सिस्टर चादर परत पायावर ओढायला लागल्या.

“कधीपासून, विचारतेय मी!”

“सकाळपासून,” त्या म्हणाल्या. इतक्या बारीक आवाजात त्या बोलू शकतात हे वॉर्डाला त्या दिवशी कळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर धावत आले, पायाची सोनोग्राफी झाली, शिरेत गुठळी निघाली, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. वेळेत सापडली, डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती, कारण सकाळी तेही चादरीपाशी येऊन परत गेले होते. गुणी दारात उभी राहून रडत होती.

धांदल मात्र चिडली होती. सगळे पांगल्यावर ती खाटेशी आली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. “आठ नंबरच्या आजी रोज खोटं बोलतात, पण त्यांना कळत नसतं. तुम्हाला कळत होतं! तुम्ही इथे, माझ्या पाळीत, माझ्यासमोर मेला असतात तर? मी काय तोंड दाखवलं असतं कुणाला? काय सांगितलं असतं? की सिस्टरना भिऊन चादर नाही काढली?” बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले, ते तिनं बाहीनं पुसले, जे या वॉर्डात सक्त मना होतं. मोठ्या सिस्टर ते बघूनही काही बोलल्या नाहीत.

मुलगा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. आईवर तोही भडकला होता, पण त्याची पाळी यायच्या आधीच सगळं बोलून झालं होतं. त्यानं धांदलला विचारलं, “तुम्ही सगळ्यांच्याच चादरी अशा काढता?”

धांदलला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे? काढल्याशिवाय कसं दिसणार, दादा?”

“नाही, आई तुमची वरिष्ठ, ती एवढी ओरडली, तरी...”

“ओरडतात सगळेच हो. आठ नंबरच्या तर चावतातसुद्धा.”

“एकदाच चावलेय!” पलीकडून आजींनी खुलासा केला.

चारला खाजगी हॉस्पिटलची गाडी आली. झकपक कपड्यातले दोघे जण स्ट्रेचर घेऊन वॉर्डाच्या दारात उभे राहिले. मोठ्या सिस्टरनी मुलाकडे बघितलं. पैज त्या हरल्या की जिंकल्या, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. सकाळच्या ताटाची आठवण त्यांना बोचत होती, आणि खोटं बोलून जागा राखायला त्या आता तयार नव्हत्या. “सकाळी तू असायला हवा होतास,” त्या म्हणाल्या. “सकाळी इथे तू म्हणालास तसंच होतं. आजींचं ताट गार झालं. तेही माझंच काम आहे, हे लक्षात ठेव आणि मग ठरव.”

मुलगा दारापर्यंत गेला, त्या दोघांशी काहीतरी बोलला. ते स्ट्रेचर घेऊन आले तसे गेले. परत येऊन तो स्टुलावर बसला आणि त्यानं आईच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच बसला, आणि घड्याळ समोर भिंतीवर असूनही त्यानं तिकडे बघितलं नाही.

“दिसलं मला,” तो म्हणाला. “कुठे लागली ते.”

मोठ्या सिस्टर रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, आणि अख्खा वॉर्ड दुसरीकडे बघत राहिला.

संध्याकाळी पाळी संपताना धांदल तिरकी टोपी सारखी करत खाटेशी आली. बाकीच्या नर्सेस आणि मावश्याही भोवती उभ्या राहिल्या होत्या, कारण ती काय विचारणार हे सगळ्यांना माहीत होतं.

“काय कळलं, सिस्टर?”

“छताला तडा आहे,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि खोटं बोलणं फार सोपं जातं इथून. कुणी चादर काढेल याची भीती वाटते, आणि कुणी काढत नाही याची त्याहून जास्त.”

“नापास,” धांदल म्हणाली. “पुन्हा करावा लागेल.”

“करते. मी कुठे पळून जातेय!” आणि मग दाराकडे बघून त्यांनी नेहमीच्या आवाजात हाक मारली, “गुणी! रडून झालं असेल तर उद्या झगा घालून ये. तुझाही पुन्हा होणार आहे. आणि झोपायचं आठ नंबरच्या शेजारी.”

निवृत्तीचा दिवस आला तोवर मोठ्या सिस्टर वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या होत्या, पण मुक्काम सात नंबरलाच. त्या सभागृहात येऊ शकत नाहीत म्हटल्यावर मोठे साहेबच चार माणसं आणि एक भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन वॉर्डात आले. फोटो काढणारा खाटेच्या पायथ्याशी वाकला. साहेबांनी घसा खाकरला आणि ‘आपली सेवा ही संस्था कधीही विसरणार नाही’ इथून सुरुवात केली. तसे साहेब बराच वेळ बोलू शकत, ही त्यांची ख्याती होती. ते ‘त्याग’ या शब्दापर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात मोठ्या सिस्टरनी उशीजवळची बेल दाबली.

भाषण थांबलं. “काही हवंय का, मॅडम?”

“भांडं,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “लागलीये मला.”

आठ नंबरच्या पडद्याआडून धांदलचा आवाज आला, “आले सिस्टर! आजींचं आटोपते आणि येते!”

साहेबांचा चेहरा लालेलाल झाला. “अहो, हे काय! आज तरी यांना आधी बघा. आज यांचा सत्कार आहे!”

“का?” मोठ्या सिस्टर कडाडल्या. फोटोवाला एक पाऊल मागे सरला. “मी कोण लागून गेले? नंबरानं येऊ दे तिला. आणि तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा, मावशींना पडदा ओढायचाय.”

साहेब पुष्पगुच्छासकट बाहेर गेले. मावशीनं हसू दाबत पडदा ओढला. इतकं बरं मोठ्या सिस्टरना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. शेजारून आजींचं “चालती हो” ऐकू आलं, पाठोपाठ धांदलचं “होते ना”. मोठ्या सिस्टर कळ काढत, आपल्या पाळीची वाट बघत पडून राहिल्या.